कोटाचा कॅमेरादोष

आमच्या दाखले कचेरीच्या फाटकावर बसवलेल्या कॅमेऱ्याला काळा रंग काळाच दिसतो, असं प्रमाणपत्र मी दिलेलं आहे. ते खोटं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून माणसं उगाच भलतेसलते तर्क करतात. मी या कचेरीचा रंगतपासनीस. सरकारी फोटोत रंग जसे यायला हवेत तसे आलेत का, नसतील तर किती बिघडलेत, आणि त्या बिघाडाला कागदोपत्री काय म्हणायचं, हे ठरवणं माझं काम. माझ्या खोलीच्या भिंती राखाडी आहेत, टेबल राखाडी आहे, खिडकी नाही, दिवा प्रमाणित आहे. आजूबाजूच्या रंगांची डोळ्यांवर छाप पडू नये म्हणून मी अंगात राखाडी डगला घालतो. "ऑफिसात राखाडी आणि घरी फिके," असं बायको म्हणते. तिचं मी मनावर घेत नाही.

कॅमेऱ्याची परीक्षा नियमाप्रमाणे रंगतक्त्यावर होते. तक्ता म्हणजे एक जाड पुठ्ठा, त्यावर निरनिराळ्या रंगांचे छापील चौकोन. कॅमेऱ्यानं तक्त्याचा फोटो काढायचा, मी फोटोतला एकेक चौकोन मूळ चौकोनाशी ताडून बघायचा, आणि फरक हद्दीत असला की कॅमेरा पास. हा कॅमेरा झकास पास झाला. पुढे त्याच्यासमोर पुठ्ठे येणार नसून कापडं घातलेली माणसं येणार आहेत, असं नियमात कुठेही म्हटलेलं नव्हतं. आणि नियमात नाही ते तपासायला मी काय रिकामटेकडा आहे?

कॅमेऱ्याकडे काम सोपं होतं. कचेरीचा गणवेश म्हणजे काळा कोट. सकाळी कर्मचारी फाटकातून आत आला की कॅमेरा त्याचा फोटो काढतो आणि खाली एक ओळ उमटवतो, 'गणवेश योग्य' किंवा 'गणवेशभंग'. पहिल्याच दिवशी गणवेशभंगाचा मान मिळाला तो माझ्या मेहुण्याला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच कचेरीत अर्ज घ्यायच्या खिडकीवर तात्पुरता बसतो. यंदा तो कायम व्हायचा होता. कायम होण्याची अट एकच, गणवेशाबद्दल तक्रार नसावी. तात्पुरत्या माणसाला दुसरं काही येतंय का, हे आमच्याकडे विचारत नाहीत. तर संध्याकाळी हा पठ्ठ्या कोटासकट माझ्या घरी हजर. हातात फोटो. फोटोत मेहुणा होता, त्याच्या अंगात कोट होता, आणि कोट पिकल्या जांभळासारखा होता. खाली लिहिलेलं, 'गणवेशभंग : मरून.'

"भाऊजी, या कोटाचा रंग कोणता?" त्यानं छाती पुढे काढून विचारलं.

"काळा."

"नक्की?"

"अरे, माझं पोट यावर चालतं. काळाकुट्ट."

"मग तेवढं एका कागदावर लिहून द्या."

मी चष्मा काढून पुसला. "लिहून नाही देता येणार. मी आत्ता घरी आहे. दिवा प्रमाणित नाही. अंगात डगला नाही. या परिस्थितीत मला कोट काळा दिसणं, ही माझी खाजगी बाब झाली."

"अहो!" बायको आतून बाहेर आली. "भाजी घेताना टोमॅटो पिकलाय की नाही ते बिनडगल्याचं कळतं तुम्हाला, आणि माझ्या भावाचा कोट कळत नाही? पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"टोमॅटोची फाइल नसते," मी म्हणालो. त्यानंतर त्या रात्री मला कोणी काही वाढलं नाही, मी हातानं घेतलं.

दोष कुठे आहे, हे खरं तर मला फोटो पाहताक्षणी कळलं होतं. मी काही बिनडोक नाही. तांबड्याच्या पलीकडे एक उजेड असतो, तो माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र दिसतो, आणि त्याला त्याचं नाव ठाऊक नसल्यामुळे तो बापडा त्याची तांबड्यात नोंद करून मोकळा होतो. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे तो उजेड अडवणारी एक पातळ काच बसवतात. आमच्या कॅमेऱ्यात ती काच नव्हती. पुरवठादाराला विचारलं तर म्हणाला, "तुम्ही कॅमेरा मागितला, आम्ही कॅमेरा दिला. काच कुठे मागितली होती?" आता काळ्या कापडांत काही कापडं हा उजेड गिळतात आणि काही परत फेकतात. मेहुण्याच्या कोटाचं कापड फेकणाऱ्यातलं निघालं. मोठ्या साहेबांच्या कोटाचं गिळणाऱ्यातलं होतं, आणि तक्त्यावरची छापील शाईही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून मोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो.

"साहेब, फाटकावरच्या कॅमेऱ्यात रंगदोष आहे."

"कॅमेरा पास कोणी केला?"

"मी."

"दोष असलेला कॅमेरा तुम्ही पास केलात?"

"तेव्हा दोष दिसला नाही, साहेब. तक्त्यावर तो दिसतच नाही."

"म्हणजे तक्त्यात दोष आहे?"

तक्ता साहेबांनी स्वतः निवडून आणलेला होता. त्याच्या खरेदीच्या निमित्तानं ते सहकुटुंब बाहेरगावीही जाऊन आले होते. "छे, छे! तक्ता उत्तम आहे," मी म्हणालो.

साहेबांनी खुर्चीत मागे टेकून बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कॅमेरा पास झालेला आहे. तक्ता उत्तम आहे. तपासनीस तर माझ्यासमोर उभा आहे आणि त्याला निवृत्तीपर्यंत नोकरी करायची आहे. मग दोष देण्याजोगं राहिलं काय?"

"कोट," मी म्हणालो.

"हे तुमचं मत. मी काही सुचवलेलं नाही."

त्याच दुपारी मी अहवाल दिला, 'सदर कोटात कॅमेरादोष आढळून येतो.' खाली व्याख्याही दिली. कॅमेरादोष म्हणजे कॅमेऱ्यासमोर आल्यावर आपल्या मूळ रंगाशी प्रामाणिक न राहण्याची वस्तूची प्रवृत्ती. हा शब्द माझा आहे. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो परिपत्रकात घालून टाकला. घरी जाताना मात्र, खरं सांगतो, मी लांबचा रस्ता धरला.

मेहुण्यानं अपील केलं. नियमाप्रमाणे एक समिती बसली. साहेब अध्यक्ष, लेखापाल बाई सदस्य, भांडारपाल सदस्य आणि मी तज्ज्ञ. पुरावा म्हणून कोट सादर करायचा, तर कोट फाइलीत मावेना. तेव्हा कोटाचा फोटो काढून फाइलीला लावायचं ठरलं, आणि कचेरीच्या मालकीचा प्रमाणित कॅमेरा एकच असल्यामुळे तो फोटो फाटकावरच काढला. समितीनं फोटो माझ्या राखाडी खोलीत, प्रमाणित दिव्याखाली, बारकाईनं पाहिला.

"मरून," लेखापाल बाई म्हणाल्या.

"मरूनच. थोडी वांग्याची झाक," भांडारपाल म्हणाले.

"अहो, पण मी इथेच उभा आहे ना! कोट घालूनच उभा आहे!" मेहुणा दोन्ही हात पसरून म्हणाला. "एकदा नुसतं वळून बघा!"

लेखापाल बाई वळणार होत्या. साहेबांनी त्यांना थांबवलं. "बाई, तिकडे पाहू नका. समोरच्या वस्तूमुळे आपलं मत कलुषित होईल." बाईंनी मान पुन्हा फोटोकडे वळवली. निर्णय एकमतानं झाला. एकदा ताकीद मिळाली, आता आणखी एक गणवेशभंग झाला की कायम होणं तर राहिलंच, खिडकीही जायची.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मेहुणा भिंतीकडे तोंड करून बसला होता. बायको माझ्याशी बोलत नव्हती, पण माझ्याबद्दल बरंच बोलत होती. शेवटी तिनं कपाटातल्या जुन्या कापडांची, उसवलेल्या अस्तरांची, चादरींच्या तुकड्यांची एक मोठी पिशवी भरली.

"कुठे निघालीस?"

"तुमच्या त्या यंत्राला काय आवडतं ते बघायला," ती म्हणाली.

फाटकावरचा पहारेकरी तिला वहिनी म्हणतो, त्यामुळे कोणी अडवलं नाही. ती एकेक तुकडा छातीशी धरून फाटकातून आत यायची, फोटो निघायचा, खालची ओळ वाचायची आणि पुन्हा बाहेर जायची. काळं अस्तर मरून निघालं. काळी साटीन तपकिरी निघाली. तिच्या एका जुन्या झग्याचा काळा तर इतका लाल आला की पहारेकऱ्यानं शिट्टी घातली. सगळी पिशवी संपली तेव्हा तळाशी आमच्या बैठकीच्या खोलीतल्या पडद्याचा, गडद बाटलीहिरव्या रंगाचा, उरलेला तुकडा निघाला. तिनं तो वैतागून छातीशी धरला. ओळ उमटली, 'गणवेश योग्य : काळा.'

यात चमत्कार काही नाही. तांबडा आगंतुक आत घुसतो तिथे तेवढाच हिरवा आधीपासून बसलेला असला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे काळा उरतो. मला कोणी विचारलं असतं तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण मला कोणी विचारलं नाही.

बैठकीच्या खोलीतला पडदा उतरला. शिंप्यानं रातोरात कोट शिवला. सकाळी मेहुण्यानं तो हातात घेतला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "ताई, अगं हा हिरवा आहे."

"हिरवा आहे म्हणूनच तर काळा आहे. घाल मुकाट्यानं."

मेहुणा फाटकातून आत गेला. कॅमेऱ्यानं त्याला काळा ठरवलं. पहारेकऱ्यानं सलाम ठोकला.

तोवर निम्म्या कचेरीला मरूनच्या ताकिदी पोचल्या होत्या. बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? आठवडा उलटायच्या आत सगळी कचेरी बाटलीहिरवी झाली. शिंप्यानं दुकानावर पाटी लावली, 'कचेरीचे काळे कोट शिवून मिळतील', आणि पाटीखाली नमुना म्हणून हिरवागार कोट टांगला. पहिल्या दिवशी माणसं एकमेकांकडे बघून खोकायची. मग सवय झाली. राहता राहिले मोठे साहेब. त्यांचा कोट डोळ्यांनाही काळा होता आणि कॅमेऱ्यालाही काळा होता, तेव्हा त्यांना बदलायचं काहीच कारण नव्हतं. पण एका बैठकीत लेखापाल बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "साहेब, आज काळा कोट नाही घातलात?" सगळे साहेबांकडे बघायला लागले. त्या दाटीवाटीच्या हिरवळीत ते एकटेच वेगळे दिसत होते. दुसऱ्या दिवशी साहेबही हिरव्यात आले. सगळ्यांना बरं वाटलं.

मेहुण्याला कायम करायची बैठक ठरली तेव्हा एक अडचण आली. अशा बैठकीला एक बाहेरचा सदस्य लागतो. तो दुसऱ्या खात्यातून येतो, आणि त्याच्या खात्याच्या फाटकावर अजून कॅमेरा बसलेला नव्हता. हे गृहस्थ आले, खुर्चीत बसले, मेहुण्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो, हा उमेदवार हिरवा कोट घालून आलाय!"

साहेबांनी भांडारपालांकडे पाहिलं.

"काळा आहे, साहेब," भांडारपाल म्हणाले.

"काळाच आहे," लेखापाल बाई म्हणाल्या.

"काय चेष्टा करता! आणि तुम्ही सगळ्यांनीही हिरवेच..." ते एकेकाकडे बघत गेले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. "इथे कोणी रंगाची माहिती असलेला माणूस आहे का?"

मला बोलावणं आलं. मी डगल्यातच गेलो.

"तुम्ही रंगतपासनीस? अंगात हे काय आहे?"

"डगला. राखाडी आहे."

"शाबास. आता या पोराचा कोट कोणत्या रंगाचा आहे ते सांगा."

मेहुणा माझ्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. ज्या पडद्याखाली बसून मी रोज संध्याकाळी चहा प्यायलो, तो पडदा मला ओळखू येणार नव्हता होय? चहा सांडल्याचा एक डाग खिशाखाली अर्धवट दिसतही होता. हिरवा म्हणावं तर पोराचा गळा कापला जात होता. शिवाय कॅमेरा, प्रमाणपत्र, तक्ता, अहवाल, सगळी उतरंड कोसळून माझ्याच डोक्यावर आली असती. पोराचा विचार मी आधी केला, एवढं नमूद करतो.

"काळा," मी म्हणालो.

बाहेरच्या सदस्यांनी डोळे चोळले. साहेब त्यांच्याकडे वाकून फार मायेनं म्हणाले, "आमच्याकडे नेत्रतपासणीची सोय आहे. कळवू का तुमच्या खात्याला? लाजण्यासारखं काही नाही. वय कोणाला चुकलंय?"

"तसं नाही, तसं नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "मला पहिल्यापासून काळपटच वाटत होता. उजेड इकडून येतोय म्हणून... पण प्रश्न जनतेच्या पैशातून चालणाऱ्या कचेरीचा आहे. तेव्हा आपण जनतेलाच विचारू. महिनाभर हरकती मागवा. एकही लेखी हरकत आली तर उमेदवाराला घरी पाठवा, आली नाही तर कायम करा." यावर सही करून ते निघून गेले. निघताना त्यांनी शिंप्याचा पत्ता विचारून घेतला.

मेहुण्याच्या खिडकीवर पाटी लागली, 'या खिडकीतील कर्मचारी काळ्या कोटात आहे. याबाबत हरकत असल्यास लेखी द्यावी.' खाली पेटी, पेटीला दोरीनं बांधलेलं पेन, पेनाशेजारी कोरे कागद. आणि त्या सगळ्याच्या मागे हिरवा कोट घातलेला मेहुणा, दिवसभर, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

पोरगं पार खंगलं. ताटावर बसायचं आणि तसंच उठायचं. "भाऊजी," तो म्हणायचा, "एवढी माणसं येतात हो रोज. शिकलेली येतात, पेपर वाचणारी येतात. सगळ्यांना डोळे आहेत. कोणीतरी एक जण तरी लिहिणारच की."

"लिहिणार नाही रे," मी म्हणायचो. पण माझ्याही जिवाला घोर होता. कामधाम सोडून मी खिडकीमागच्या लाकडी फळीआड स्टूल टाकून बसायला लागलो.

एक आजीबाई आल्या. पुढे वाकून बघत म्हणाल्या, "हिरवा छान दिसतो हो बाळ तुला." मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं इमानदारीत पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आजी, हरकत असेल तर लेखी द्यावी लागते." आजी म्हणाल्या, "जाऊ दे मेलं, मला काय करायचंय? माझा दाखला तेवढा दे." मग घरं रंगवणारा एक जण आला, बोटांना अजून रंग लागलेला. तो कोटाकडे इतका वेळ बघत राहिला की मी फळीआड घामानं निथळलो.

"हा रंग कोणता म्हणायचा?" त्यानं विचारलं.

"काळा," मेहुण्याचा आवाज चिरकला.

"असं? दाखला आज मिळेल ना?"

"मिळेल."

"मग काळाच की हो," तो म्हणाला आणि त्यानं अर्ज आत सरकवला.

आणि महिना संपत आला असताना तुम्ही आलात.

आता असं दचकू नका. तुम्हीच होतात. तुमच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, पिशवीत कागद होते, आणि मागच्या खेपेला आमच्याच माणसानं तुम्हाला एका झेरॉक्ससाठी परत पाठवलं होतं, म्हणून तुम्ही रांगेत आमच्या नावानं बरंच काही बोलत होतात. या कचेऱ्यांत आंधळे भरलेत, हे वाक्य मी स्वतः ऐकलं. तुमचा नंबर आला. तुम्ही पाटी वाचलीत. कोटाकडे पाहिलंत. पाटी पुन्हा वाचलीत. मग तुम्ही दोरीला बांधलेलं ते पेन उचललंत. मेहुण्याचा शिक्का धरलेला हात तसाच वर राहिला. आलं, संपलं सगळं, असं म्हणून मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा तुम्ही त्या पेनानं स्वतःच्या अर्जावरची राहून गेलेली सही करत होतात. पेन तुम्ही नीट जागेवर ठेवलंत. पोच घेतलीत. मागच्या माणसानं तुम्हाला विचारलं, अर्ज कुठे द्यायचा हो? तुम्ही जाता जाता मान वळवून त्याला सांगितलंत, "इथेच. ते काळ्या कोटातले बसलेत ना, त्यांच्याकडे."

मेहुणा कायम झाला. आदेशात लिहिलंय, 'जनतेची हरकत नाही.' खाली साहेबांची सही आहे आणि माझी आहे. तुमची सही घेतलेली नाही. तिची गरज पडली नाही.